म्हातारीचा टप

४ फेब्रुवारी

श्रीयुत मापाडे साहेब यांस,

तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस. मग ती बाई गोड आवाजात सांगते की ही व्यक्ती उत्तर देत नाही. मी म्हटलं, बाई गं, मला काय सांगतेस, मी त्या व्यक्तीची सख्खी मोठी बहीण आहे. म्हणून हे पत्र. माया उतू चाललीय असं समजू नकोस. काम आहे म्हणून लिहितेय.

म्हातारीचा टप काढला.

हो, बरोबर वाचलंस. नव्या गावात म्हातारी म्हणजे कोण हे विसरला असशील तर सांगते. अप्पांची दोन दारांची जुनी कूपे, जिच्यापायी तू घर सोडलंस. तिचा टप मी माझ्या हातानं कापला. रंगाची बंदूक सोडून गॅरेजात दुसऱ्या कशाला हात न लावलेल्या मी. गादीवाल्या काकांनी आणि मी दोन बाजूंनी धरून तो उतरवला आणि भिंतीला टेकवून ठेवला. आता गाडी तुझ्या त्या फोटोतल्यासारखी उघडीबोडकी झालीय. हॉट रॉड! अप्पा म्हणायचे, "हॉट रॉड म्हणजे काय रे, तापलेली सळई? कुणाला डागायचीय?" इंजिन तर तू त्यांच्या नकळत आधीच मोठं घातलं होतंस. ते त्यांनी गिळलं. टप मात्र त्यांच्या घशाखाली उतरला नाही.

"टप निघेल त्या दिवशी येईन, तोवर या घराचा उंबरा चढणार नाही," असं ओरडून तू गेलास. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. त्यावर अप्पा म्हणाले, "माझ्या हयातीत टप निघणार नाही." तेही गल्लीनं ऐकलं. दोघंही एका माळेचे मणी, आणि मधे मी बसलेय दोरा होऊन. तर आता निघाला टप. ये.

अप्पांना न विचारता कापला असं वाटून तिकडून बोंब मारू नकोस. अप्पांनी स्वतः सांगितलं. गॅरेजात येऊन म्हातारीकडे बोट केलं आणि म्हणाले, "काढ." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. परत म्हणाले, "काढ." दुसऱ्या दिवशीही तेच. वर म्हणाले, "माप." म्हणजे कापायचं तर आधी माप काढ. बघ, कारागीर तो कारागीर. हल्ली ते फार बोलत नाहीत, पण बोलतात ते कामाचं. बाकी बरे आहेत.

आता मुद्द्याचं. दारं उघडत नाहीत. दारं लावून, पुढच्या नि मागच्या टोकाला घोड्या देऊन गाडी उचलली होती. खांब कापले, टप उतरवला आणि काका चहा टाकायला वळले एवढ्यात गाडीच्या पोटातून कर्र असा आवाज आला. तेव्हापासून दोन्ही दारं ढिम्म हलत नाहीत. वरच्या कोपऱ्यात चौकटीला अशी चावून बसलीत की आत नखसुद्धा जात नाही. तेल घातलं, लाथ घातली, शिव्या घातल्या. काय करू ते उलट टपालानं कळव.

ताई

१३ फेब्रुवारी

मापाड्या,

उलट टपाल म्हणजे उलट्या पावलाचं टपाल नव्हे. अजून तुझं उत्तर नाही.

दारांचं कारण माझं मलाच सापडलं, आभारी आहे. गाडीच्या पोटाखाली मधोमध जॅक लावून उचललं की दारं लोण्यासारखी उघडतात. जॅक काढला की परत चावतात. म्हणजे टप होता तोवर तो सगळी गाडी वरून धरून होता. तो गेला आणि गाडी मधे खचली. मला काय माहीत! मला वाटायचं टप म्हणजे ऊन लागू नये म्हणून असतो.

मग मी म्हटलं, वरचा आधार गेला तर खालून आधार देऊ. दोन जाड लोखंडी चॅनेल आणले आणि दारांखाली दोन्ही बाजूंनी लांबलचक वेल्ड मारले. रात्री पाठ मोडली, डोळे चुरचुरले, पण मनात म्हटलं, जमलं बुवा आपल्याला. सकाळी घोड्या काढल्या. दारं तशीच. काका आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अगं पोरी, खचलेलीच गाडी तू पक्की केलीस." आधी जॅकनं सरळ करायला हवी होती आणि मग चॅनेल मारायला हवे होते. आता ती वाकडी आहे आणि कायमची वाकडी राहील इतकी मजबूत आहे. वाकडं तेच पक्कं करायचं, हे काम आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय म्हणा.

मी पाना फेकला. तो जाऊन भिंतीला टेकवलेल्या टपावर आदळला. हा एवढा खड्डा.

आता ऐक. मागच्या पत्रात अप्पा बरे आहेत असं लिहिलं ते खोटं होतं. त्यांना झटका आला. थंडीच्या सुरुवातीला, सकाळी, दाढी करताना. मी फोन केले होते, तेव्हाही तू उचलले नाहीस. निरोप पाठवायचा तर तुझ्या कारखान्यात फोन उचलणाऱ्या बाईकडे ही गोष्ट कशी सांगायची, म्हणून नाही पाठवला. रागही होता, नाही कशाला म्हणू. आता एक बाजू गेलीय, बसले की तिकडं कलतात. काठी घेऊन, भिंत धरून, घरातून गॅरेजापर्यंत येतात. तोंड थोडं वाकडं झालंय. शब्द तर अक्षरशः बोटांवर मोजण्याइतके उरलेत. हो, नाही, पाणी, चहा. मला ताई म्हणतात, लहानपणी तू म्हणायचास त्याच सुरात. आणि ते "काढ" नि "माप".

डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात. मला कधीकधी शंका येते. सकाळी उठले की बाहेरचे बूट घालून बसतात. मी काढते, ते हट्टानं परत घालायला लावतात. त्या एका हातानं इस्त्रीचा शर्ट ओढतात कपाटातून. आणि ती पाण्याची मोठी हिरवी बाटली, लांबच्या प्रवासाला न्यायचे ती, भरून मांडीवर धरून बसतात. तहान लागली का विचारलं तर चिडतात. मग बोट म्हातारीकडे. "काढ." अरे, काढला ना बाबा! समोर उभी आहे ना!

टप निघाल्यावर त्यांना पहिल्यांदा दाखवायला नेलं तर कापलेल्या खांबावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याचं मन एकदाचं मोकळं झालं. मीही रडून घेतलं त्यांच्याबरोबर.

तू येशील म्हणून कापला रे मी. दुसरं काय होतं माझं? मला कुठं उघड्या गाडीतून केस उडवत हिंडायचंय?

ताई

२५ फेब्रुवारी

श्रीमान मौनीबाबा,

पाकीट मिळालं. तुझं अक्षर पाकिटावर दिसलं आणि माझ्या हातातली रंगाची वाटी सांडली. अप्पांसमोर बसून फोडलं. म्हटलं, मोठ्यानं वाचून दाखवू. आत काय, तर नकाशा! गाडीचा. बाजूनं, वरून, मागून. बाण काय, आकडे काय, पट्ट्या काय. कागदाच्या कोपऱ्यात मोजून चार शब्द: "आधी बांध, मग काप."

अप्पा कसे आहेत? नाही. ताई, तू कशी आहेस? नाही. सख्ख्या बापाला लकवा झालाय असं कळवलं तर उत्तर म्हणून वेल्डिंगचा नकाशा पाठवणारा माणूस सगळ्या जगात तू एकटाच. मी तो कागद चुरगळून कोपऱ्यात टाकला. अप्पांनी काठीनं ओढून घेतला. मांडीवर ठेवून त्या एका हातानं तो इस्त्री केल्यासारखा सपाट करत बसले आणि म्हणाले, "माप."

म्हटलं हो, अप्पा, मापंच आहेत, दुसरं काही नाही त्यात.

"आधी बांध, मग काप" हे तू दर कामाला म्हणायचास आणि मी दर वेळी कान बंद करायचे. म्हणजे कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिडव्या सळया वेल्ड करून सगळं जागच्या जागी धरून ठेवायचं, हा तुझा मंत्र. पटला. आता पटला. पण हे सांगायची वेळ कोणती? घर जळाल्यावर विहीर कुठं खणायची त्याचा नकाशा देतोयस.

असो. मारलेले दोन्ही चॅनेल परत कापले. जे लावताना पाठ मोडली होती ते काढताना उरलेली मोडली. जॅकनं पोट उचललं, तू दाखवलंस तशा सळया मारल्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेतली. दोन्हीकडून सारखी येईपर्यंत जॅक एक एक दात वर, एक एक दात खाली. काका टेपचं दुसरं टोक धरून म्हणाले, "तुझा भाऊ लग्नालाही मुलीचं माप घेऊन जाईल." मग चॅनेल, मग सीटमागची आडवी पट्टी. या वेळी सळया काढल्या तरी दारं उघडली आणि लागलीसुद्धा. मी ओरडलेच. अप्पांनी काठी आपटून दाद दिली.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. सांगू की नको करत होते. कापायच्या दिवशी मी खडू शोधत होते, रेघ आखायला. तर रेघ होतीच. तू भांडणाच्या आदल्या दिवशी खांबांवर मारलेली पांढऱ्या खडूची रेघ जशीच्या तशी होती. मी चक्रावले. अप्पा दर रविवारी गाडी पुसायचे, तुला माहीत आहे. पाय धड होते तोवर एक रविवार चुकला नाही. मग रेघ राहिली कशी? जवळ जाऊन बघितलं तर रेघेच्या वर चकाकी, खाली चकाकी आणि मधे बोटभर पट्टा मळका. ते रेघ सोडून पुसत होते. मी त्याच रेघेवर ग्राइंडर चालवला.

याचा अर्थ तूच लाव. मला राग आलाय तो आलाच आहे.

नकाशात दारांवर ठिपक्यांची रेघ मारून लिहिलंयस, "दारं कायमची बंद." म्हणजे वेल्ड करून टाकायची. दुसरं काय सुचणार तुला! मी नाही करणार. अप्पा आत कसे बसणार, बाजूवरून टांग टाकून? एका पायानं? दारं उघडी राहतील. हे घर आहे, तुझी खोली नाही.

ताई

९ मार्च

मापाड्या,

दारं वेल्ड केली.

हसू नकोस. गाडी गल्लीत फिरवून बघत होते. मी एकटी, शेजारची सीट रिकामी. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात चाक गेलं आणि शेजारचं दार आपोआप सताड उघडलं. अंग पिळतं तिचं अजून, टप नाही ना. मी तिथंच ब्रेक मारून बसले. अप्पा हल्ली बसल्या बसल्या त्या बाजूला कलतात, ते त्या सीटवर असते तर? घरी येऊन दोन्ही दारं चहूबाजूंनी वेल्ड करून टाकली, सांध्यांत लांबी भरली, घासली, अस्तर मारलं. आता कुठं दार होतं हे हात फिरवूनही कळत नाही. रंगाचं काम आहे, तिथं मी कुणाला ऐकत नाही.

मग काका सीट बनवायला बसले तुझ्या नकाशावरून. थोड्या वेळानं चष्मा कपाळावर करून म्हणाले, "ही शेजारची सीट तुझ्या भावाच्या मापाची नाही. तो ताडमाड. आणि हे बघ, दाराच्या बाजूला एवढा उंच तक्क्या कशाला काढलाय त्यानं?" आम्ही दोघांनी अप्पांकडे बघितलं. ते खुर्चीत त्याच बाजूला कलून बसले होते. काका सुई ओवायला लागले.

म्हणजे पत्र वाचून तू त्यांची सीट आखलीस. मग दोन ओळी लिहायला काय हात झडले होते का रे? इतका कसा तू दगड?

पण हे पत्र त्यासाठी नाही. बस आणि वाच.

अप्पांचे हातपाय हलवून घ्यायला एक बाई येतात. व्यायामवाल्या बाई म्हणतो आम्ही त्यांना. नेहमीच्या रजेवर होत्या, म्हणून काल नवीन आल्या. त्यांना आपल्या घरातली रामकहाणी माहीत नाही. टप नाही, भांडण नाही, तू नाहीस. अप्पा नेहमीसारखे बूट घालून, बाटली मांडीवर घेऊन बसलेले. बाईंनी पाय हातात घेतला तर अप्पांनी बोट गॅरेजाकडे केलं. "काढ."

मी म्हटलं, "काही नाही हो, टपाचं बोलतात, तो कधीच काढून झालाय."

बाई म्हणाल्या, "कसला टप? गाडी काढ म्हणतायत ना? कुठं जायचंय आजोबा तुम्हाला?"

अरे, त्या इतक्या सहज म्हणाल्या! कुणीही म्हणेल. बूट घातलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, पाण्याची बाटली घेतलेला माणूस गाडीकडे बोट करून "काढ" म्हणतो, तर शेंबडं पोरही सांगेल की गाडी काढ म्हणतोय. एक मीच महामूर्ख. आपल्या घरात इतकी वर्षं टप काढ, टप काढणार नाही, टप काढून दाखवतोच, याच्याशिवाय दुसरं काही बोललं गेलं नाही. माझ्या कानात "काढ" म्हटलं की टपच.

अप्पांनी बाईंकडे असं बघितलं, जसं थंडीपासून पहिल्यांदाच कुणी शहाणं माणूस भेटलंय. म्हणाले, "हो. हो." मग सगळा जीव तोंडात आणून म्हणाले, "माप. माप."

बाईंनी मला विचारलं, "माप म्हणजे कुठलं गाव?"

माप म्हणजे तू. अप्पांनीच ठेवलेलं तुझं नाव, मापाड्या, म्हणायला जातात, पुढचं अक्षर निघत नाही. ते माप काढ म्हणत नव्हते रे. गाडी काढ, मापाड्याकडे जाऊ, म्हणत होते. रोज. सकाळी उठून बूट घालून. आणि मी त्यांच्या त्याच गाडीचा टप कापला. खांबावर हात ठेवून ते रडले ते काय होतं, हे मला काल कळलं. मी त्यांच्या शेजारी उभी राहून आनंदानं रडत होते!

मी त्यांच्यापुढं खाली बसले आणि म्हटलं, "अप्पा, माफ करा, मला कळलंच नाही." त्यांनी धड असलेल्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारली. जोरात मारली. मग काठी गॅरेजाकडे केली आणि परत तेच, "काढ."

आता काय काढू? टप नाही, दारं नाहीत, रंग अर्धा, पुढची काच बुटकी. टॅक्सी बोलावली. अप्पा बसले नाहीत. ड्रायव्हरला काठी दाखवली. काकांनी आपली गाडी देऊ केली. नाही. म्हातारीच हवी. तुझ्याच बापाचा हट्ट तो, तुला नव्यानं काय सांगू.

तू ये. म्हातारीचा टप निघालाय, तुझी अट पुरी झालीय. अप्पांची अट काय होती हे आपण दोघं कधी ऐकलंच नाही. एक दिवस ये. भांडायला ये हवं तर. वाट बघते.

ताई

१७ मार्च, तुझ्या जिन्यात

मापाड्या,

बेल वाजवली, दार वाजवलं, तुझ्या नावानं ओरडले. समोरच्या बाई दार उघडून बघून गेल्या. आत पंखा चालू आहे, मला ऐकू येतोय. मघाशी तुझी खुर्चीही सरकली. म्हणून पायरीवर बसून हे खरडतेय आणि दाराखालून सरकवतेय. पत्रांना तू निदान नकाशानं तरी उत्तर देतोस.

खिडकीत जा. खाली बघ. राखाडी अस्तराची, टप नसलेली गाडी रस्त्यावर उभी आहे ना, ती तुझी हॉट रॉड. शेजारच्या सीटवर कानटोपी घालून, हिरवी बाटली धरून बसलेत ते तुझे अप्पा. व्यायामवाल्या बाईंना विचारून आणलंय, उगाच नाही. सावकाश आलो, थांबत थांबत आलो. त्यांची नेहमीची टोपी वाटेत दोनदा उडाली, म्हणून ही कानटोपी. पहिल्यांदा मी गाडी थांबवून आणली. दुसऱ्यांदा उडाली तेव्हा मी कपाळावर हात मारला, तर ते हसत होते. वाकड्या तोंडानं, डोकं मागं टाकून, वर आभाळाकडे बघून हसत होते. मला म्हणाले, "छान." हा शब्द त्यांच्याकडे उरलाय हे मला माहीतच नव्हतं. मग तुझ्या उंच तक्क्यावर मान टाकून झोपले. कुठंही घसरले नाहीत. माप बरोबर होतं तुझं, घे, सांगितलं.

आता तुझा राग असेल तर असू दे. मलाही तुझा आहे, तो काही मी खाली ठेवून आलेले नाही. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण एक अडचण झालीय आणि ती तुझ्याच नकाशामुळे झालीय, तेव्हा निस्तरायला तुलाच यावं लागेल. दारं कायमची बंद आहेत. घरून निघताना एका बाजूनं काकांनी आणि एका बाजूनं मी उचलून त्यांना वरून आत ठेवलं. वाटेत पंपांवर माणसं होती, त्यांनी हात लावला. इथं समोरचा दुकानदार मदतीला आला तर अप्पांनी त्याच्यावर काठी उगारली. मग तीच काठी तुझ्या खिडकीकडे केली. ते दुसऱ्या कुणाच्या हातानं उतरणार नाहीत.

मी दोनदा एकटीनं उचलून बघितलं. नाही निघत माझ्यानं. म्हातारा वाळलाय, पण जड आहे.

खिडकी उघड, म्हणजे ऐकू येईल. खालून हाक मारतायत. "काढ" म्हणतायत. या खेपेला मला बरोबर कळलंय. ये खाली, एक बाजू तू धर.

ताई